ग्रॅम्प्सचे 11 महिने: ‘बहुधा’ कुठे लिहायचं?

वडिलांनी आमची वंशावळ ड्रॉइंगच्या कागदावर काढली होती. खात्रीची नाती शाईने, ऐकीव नाती पेन्सिलीने. गेल्या दिवाळीनंतर तो कागद ग्रॅम्प्स या वंशावळीच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये उतरवायला घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी अडले: इथे पेन्सिल कुठेय? आता 412 माणसं भरून झाल्यावर सांगते, पेन्सिल आहे. फक्त ती चौथ्या खणात ठेवलीये.

प्रोग्रॅम फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, सगळी माहिती आपल्याच लॅपटॉपवर राहते. दिसायला जुनाट. एवढं पुरे.

माझी खरी परीक्षा पणजोबांपाशी झाली. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या नामावळीत ते थोरल्या भावाचा मुलगा म्हणून आहेत. जमिनीच्या फेरफारात मात्र धाकट्या भावाच्या विधवेचा दत्तक मुलगा म्हणून वारस लागलेत. यात विरोध नाही, नामावळीतली नोंद दत्तकविधानाच्या आधीची आहे. पण मोठी आत्या सांगते की ते मुळात दोघांपैकी कुणाचेच नव्हते, बहिणीचा मुलगा घरात आणून वाढवला. आत्याला हे तिच्या आजीनं सांगितलं, म्हणजे खुद्द पणजीनं.

ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला एकाहून जास्त आईवडील जोडता येतात, आणि बापाशी नातं काय नि आईशी काय, हे वेगवेगळं निवडता येतं. जन्माचं, दत्तक, सावत्र, अज्ञात असे प्रकार तयार असतात, नवा प्रकारही टाकता येतो. मी देवनागरीत ‘ऐकीव’ असा टाकला, निमूट घेतला. तर पणजोबांना तीन घरं झाली.

सुरुवातीचे चार महिने मी पुरावे माणसाला चिकटवत होते. चूक. फेरफार पणजोबांबद्दल शंका घेत नाही, तो त्यांच्या एका नात्याबद्दल बोलतो. कुटुंबाच्या नोंदीत मुलाची ओळ संपादनाला उघडली की त्या नात्यालाच स्वतंत्र पुरावे आणि टिपण जोडता येतं. हाच तो चौथा खण. प्रत्येक पुराव्याला ‘व्हेरी लो’ ते ‘व्हेरी हाय’ अशी 5 पायऱ्यांची विश्वासार्हता असते. फेरफार वरच्या पायरीवर, आत्या खालून दुसऱ्या. (आत्याला हे कळलं तर माझी विश्वासार्हता कुठल्या पायरीवर जाईल ते सांगायला नको.)

एवढं करून तक्ता काढला तर पूर्वजांच्या अहवालात एकच सरळ रेघ! यादीत ज्या आईवडिलांचं नाव पहिलं, त्यांनाच अहवाल धरून चालतात. ‘रिलेशनशिप ग्राफ’मध्ये जन्माखेरीजची नाती तुटक रेघेने दाखवायचा पर्याय आहे, त्यावर टिकमार्क केली तेव्हा कुठे वडिलांची पेन्सिल दिसली. तरी दत्तक आणि ऐकीव दोन्ही तुटकच. दत्तक हे पक्कं नातं आहे हो, कागदोपत्री सगळ्यात पक्कं तेच.

भावांचं दुखणं निराळं. मोडी कागदात दोघांना ‘भाऊ’ म्हटलंय. सख्खे की चुलत, कोण जाणे. सख्खे भाऊ दाखवायचे तर त्यांना एकाच कुटुंबाच्या नोंदीत घालावं लागतं, म्हणजे आईबापाच्या जागा रिकाम्या ठेवल्या तरी ‘दोघांचे आईबाप एकच’ अशी आपणच खोटी साक्ष द्यायची. अशा ठिकाणी ‘असोसिएशन’ वापरा. आईबापाशिवाय दोन माणसं जोडता येतात, नात्याचं नाव आपलं आपण द्यायचं. मी ‘भाऊबंद’ लिहिते.

बायकांचं तर विचारूच नका. नामावळीत एक नाव, मृत्यूच्या नोंदीत दुसरं. लग्नात नाव बदललं म्हणून एकच बाई, की पहिली वारल्यावर दुसरी केली? दोन नोंदी एकत्र करणं दोन क्लिकचं काम आहे. पण प्रोग्रॅम बंद केला की ‘अनडू’चा इतिहासही गेला, मग जुन्या बॅकअपशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत. एकदा हात पोळल्यापासून शंकेच्या जोड्या वेगळ्याच ठेवते, दोघींना केशरी टॅग लावते.

तारखांत ‘सुमारे’, ‘आधी’, ‘नंतर’, ‘अमुक ते तमुक दरम्यान’ सगळं चालतं. इस्लामी, पर्शियन, हिब्रू कालगणना आहेत, शालिवाहन शक नाही. शके 1818 च्या माघातला मृत्यू नुसते 78 मिळवून 1896 ला टाकाल तर फसाल. 1 जानेवारीनंतर 79 मिळवायचे, म्हणजे 1897. मूळ मिती तारखेसोबतच्या मजकुराच्या चौकटीत ठेवते.

आणि मग मी घाण केली. न्यू जर्सीच्या चुलतभावाला फाइल पाठवली, जेडकॉम स्वरूपात, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायच्या सामायिक स्वरूपात. ग्रॅम्प्स जेडकॉमच्या ज्या 5.5.1 आवृत्तीत निर्यात करतं, तिच्यात मुलाच्या नात्याला चारच मान्य शब्द आहेत: जन्माचा, दत्तक, सांभाळलेला आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या विधीचा एक. ‘ऐकीव’ त्यात कुठून बसणार? त्याने फाइल एका संकेतस्थळावर चढवली, आणि तिथे आत्याची गोष्ट जन्माचं सरळ नातं होऊन बसली. आम्ही काढून टाकेपर्यंत दोन अनोळखी लोकांनी ती आपापल्या वंशावळीत उतरवून घेतली होती. 2021 मध्ये आलेल्या जेडकॉमच्या 7.0 आवृत्तीत ‘इतर’ लिहून शब्दांत खुलासा करायची सोय आहे, पण ती सगळीकडे रुळेपर्यंत समोरच्याला आपली शंका पोचेल हे गृहीत धरू नका.

आता त्या तिसऱ्या घरावर कुलूप आहे. कुठल्याही नोंदीवर खासगीचं कुलूप लावता येतं, आणि निर्यात करताना अशा नोंदी वगळायचा पर्यायही मिळतो. चुलतभावाला नवी फाइल तशीच दिली.

आत्याला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या नव्वदीला मोठा तक्ता फ्रेम करून द्यायचाय, आणि तिच्या आजोबांच्या डोक्यावर किती रेघा काढायच्या ते अजून ठरलेलं नाही.