अडकलेला सुळा खाली आला, पण हिरडीचं काय? वॉटर फ्लॉसर आणि दोन छोट्या ब्रशचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

माझा वरचा डावा सुळा पंचविशी उलटली तरी टाळूत आडवा पडून होता आणि त्याच्या जागी दुधाचा सुळा आरामात बसलेला, घरात कोणाला पत्ताच नाही. मग ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे), सीबीसीटी (थ्रीडी स्कॅन), दुधाचा दात काढणं, टाळूची हिरडी उघडून आतल्या दाताला बटण चिकटवणं, त्याला बारीक साखळी आणि ती हळूहळू ओढत दात रांगेत आणणं, सगळं मिळून अडीचएक वर्षं गेली. आम्ही मालवणचे, उपचार कोल्हापूरला, त्यात तेव्हा करूळ घाट बंद होता म्हणून फोंडा घाटाने वळसा. असो, त्या भागावर लिहिणारे भरपूर आहेत. मी लिहितेय ते तारा निघाल्यानंतरचं, कारण तारा काढल्या त्या दिवशी मला रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून लावतात ती तार) आणि पेढा मिळाला, हिरडीबद्दल एक शब्द नाही.

झालं असं की दोनेक महिन्यांत त्या एकाच सुळ्याच्या आतल्या बाजूची हिरडी फुगली, ब्रश लावला की रक्त, बाकी सगळं तोंड ठणठणीत. आजी म्हणाली, "गे बाय, मिठाच्या पाण्यान चुळो भर, बरा होतला." भरल्या, बरंही वाटायचं, पण रक्त थांबेना. शेवटी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे, म्हणजे पेरिओकडे गेले. डॉक्टर खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकी टेकवत दात आणि हिरडीमधल्या खिशाची खोली मोजून आकडे बोलत होत्या आणि असिस्टंट लिहीत होती, दोन, तीन, दोन, दोन, तीन... आणि त्या सुळ्याच्या टाळूकडच्या मागच्या कोपऱ्यावर आल्यावर पाच. १ ते ३ मिमी नॉर्मल धरतात हे मला नंतर कळलं पण आवाजावरूनच समजलं काहीतरी आहे.

त्यांनी सांगितलं ते नीट ऐका, कारण मी घाबरले होते आणि घाबरण्यासारखं नव्हतं. टाळूतून ओढून आणलेल्या सुळ्याभोवती हिरडीची खोली दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा किंचित जास्त राहू शकते, शेजारच्या दाताच्या मधलं हाडही थोडं कमी असू शकतं. हा फरक बहुतेकदा १ मिमीच्या आतला आणि त्याने दात जात नाही. माझे ५ मिमी झाले त्यात सुजेचा वाटा मोठा होता, आणि सूज कशाने, तर मागे चिकटवलेल्या फिक्स रिटेनरच्या तारेखाली साचलेल्या कीटणाने. क्लिनिंग झालं आणि घरी वापरायला तीन वस्तू लिहून दिल्या. ज्यांचा सुळा ओठाच्या बाजूने वर अडकलेला असतो त्यांचं गणित वेगळं, तिथे दाताभोवती घट्ट गुलाबी हिरडी पुरेशी राहिली नाही तर हिरडी वर सरकून दात लांब दिसायला लागतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्याबद्दल विचारून घ्या.

आता वस्तू.

वॉटर फ्लॉसर, चार्जिंगवाला, अडीच हजाराच्या आसपास. पहिले दहा-बारा दिवस बेसिन, आरसा, टीशर्ट सगळं ओलं, तोंड अर्धवट मिटून पाणी बेसिनमध्ये सोडायची सवय लागेपर्यंत असंच. सगळ्यात कमी प्रेशरवर सुरू करा आणि धार हिरडीच्या कडेला आडवी धरा, थेट खिशात मारायची नाही. रिटेनरच्या तारेखाली अडकलेलं निघतं हे खरंय. मे महिन्यात घरी रायवळ आंबे असतात, हापूस बिचारा काही त्रास देत नाही पण रायवळाचे तंतू त्या तारेला असे गुंडाळतात की विचारू नका, तिथे ही धार म्हणजे सुख. पावसाळ्यात लाईट गेली तरी चार्जवर चालतो हा अजून एक फायदा. पण एकट्याने हिरडी बरी करेल असं समजून घेऊ नका, दाताला चिकटलेला चिकट थर पाण्याने पूर्ण सुटत नाही. आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी दोन तक्रारी: चार्जिंगच्या पिना खाऱ्या हवेने चार महिन्यांत गंजल्या, कंपनीने ओलाव्याचं कारण सांगून वॉरंटी नाकारली (अहो ओलाव्यात वापरायचीच वस्तू आहे ती), आणि टाकीत पाणी राहिलं की आत बुळबुळीत थर. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, ते घातल्यावर नोझलवर पांढरं साचायला लागलं, तेव्हापासून प्यायचंच पाणी घालते आणि रात्री टाकी उपडी ठेवते.

दातांच्या फटीतला ब्रश, म्हणजे इंटरडेंटल. खरं काम याने केलं असं माझं स्पष्ट मत. शेजारचा दात आणि सुळा यांच्यामध्ये वर छोटी काळी त्रिकोणी फट राहिलीय, तिथे हा बरोबर बसतो. साईज स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांकडून मोजून घ्या, माझ्या तोंडात दोन वेगवेगळ्या लागतात. किंचित अडून गेला पाहिजे, पण कोंबायला लागला तर तो मोठा आहे. पहिले आठ-दहा दिवस रक्त येतं आणि आपण घाबरून बंद करतो, तेव्हाच बंद करायचं नसतं. माझं साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी थांबलं आणि ब्रशला जो घाण वास यायचा तोही गेला. महिनाभर तसंच रक्त येत राहिलं तर मात्र दाखवा. पेडवे, तारली खाल्ल्यावरचे काटे काढायला याचा वापर करू नका, तार वाकते आणि तुटते.

तिसरा, एकाच झुपक्याचा छोटा ब्रश, सिंगल टफ्ट. दिसायला लहान पोरांच्या रंगाच्या ब्रशसारखा. टाळूच्या बाजूने हिरडीच्या कडेकडेने अगदी हलक्या हाताने फिरवायचा, पेस्ट नको, आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून. दाताचा गुळगुळीतपणा आणि थराचा खरखरीतपणा हाताला वेगळा कळतो, त्यामुळे कुठे राहिलंय ते आरसा नसला तरी समजतं. शंभर-दीडशेत येतो, इथल्या मेडिकलमध्ये मिळाला नाही, मागवावा लागला.

क्लोरहेक्सिडिनचा (जंतू मारणारा) माऊथवॉश सुरुवातीला दोन आठवडे दिला होता, त्याने चहाचे डाग पडतात आणि चव जाते, मनाने वाढवू नका. पेस्टने घासल्यावर लगेच नाही, अर्ध्या तासाने.

गेल्या महिन्यात परत मोजलं, ५ चे ३ झालेत, एका टोकाला ४ आहे आणि ते तसंच राहील कदाचित असं म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी क्लिनिंग सांगितलंय.

हो, आणि घरात नऊ-दहा वर्षांचं मूल असेल तर वरच्या ओठाच्या आत सुळ्याच्या जागी बोटाने उंचवटा लागतो का ते डेंटिस्टना बघायला सांगा. सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, शंभरात एक-दोघांचा अडकतो आणि मुलींमध्ये जास्त. माझ्या भाचीचा उंचवटा एकाच बाजूला लागला, एक्सरे काढून वेळेत दुधाचा सुळा काढला आणि पक्का आपोआप वळून खाली येतोय. सगळ्यांचा येतोच असं नाही, पण तिला साखळी लागेल असं आत्ता तरी दिसत नाही. फ्लॉसर घ्यायचाच असेल तर मॅग्नेटवर चार्ज होणारा बघा, पिनवाला नको, आणि बजेट कमी असेल तर आधी दोन्ही ब्रश.