गंजलेला ड्रॉबार: घासायचा, ॲसिडात टाकायचा की नवा आणायचा?

दसऱ्यानंतर उसाच्या ट्रॉल्या जोडायची वेळ आली की पावसाळाभर भिंतीला टेकवलेला सुटा ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची लोखंडी पट्टी, बाहेर निघतो. लाल झालेला, काळी माती चिकटलेला, पिन भोकात आवळलेली. गावात तीन सल्ले मिळतात: घास, ॲसिडात बुडव, नाहीतर नवा आण. तिन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या भागांसाठी.

पट्टीला तारेचा ब्रशच बरा. आधी माती धुऊन वाळवा, कारण आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि गंज तिच्याखालीच वाढतो. खपल्या पाडल्यावर लोखंड सपाट दिसलं तर पट्टी चांगली आहे. खड्डे पडून कडा पातळ झाल्या असतील, किंवा भोकाजवळ बारीक तडा दिसला, तर ती ठेवू नका. वेल्डिंगचा ठिगळही मारू नका. ग्राइंडरला तारेचं चाक लावलं तर काम पटकन होतं, फक्त डोळ्यांना चष्मा हवाच. तारा सुटून उडतात.

वॉशर, कडी, नट अशा बारीक वस्तूंना लिंबूसत्त्व सोयीचं. लिटरभर पाण्यात 50 ते 100 ग्रॅम टाकून रात्रभर बुडवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस थर येतो. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू त्यात टाकू नका, मुलामाच निघून जातो. दुकानात मिळणारं फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक फक्त पातळ आणि घट्ट गंजावर चालतं. खपल्यांवर लावलं तर वाया जातं.

पिनबाबत मात्र मी हट्टी आहे. बॅटरीच्या ॲसिडात पिन टाकूच नये. कडक केलेल्या पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि पिन ठिसूळ होते. वरून चकचकीत दिसते, ओझ्याखाली तुटते. आवळलेली पिन गॅसने लाल करून काढली तरी तिचा कडकपणा जातो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून ती अडकते. डिझेल किंवा गंज सैल करणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, पाईप पान्याने फिरवा, मग लाकडाचा ठोकळा धरून ठोका. बाहेर आल्यावर नखाला खाच लागली तर नवी घ्या. भरलेली ट्रॉली, मागे रस्ता, त्यावर शाळेची पोरं. इथे काटकसर करायची नसते. जालन्याच्या गिरणीतला गज कितीही चांगला असो, तो स्लॅबसाठी आहे. त्याचा तुकडा पिन म्हणून घालणं थांबलं पाहिजे.

जीप-पिकअपला गोळ्याचा हुक असेल तर गोळ्याला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. 50 मिमीचा गोळा 49 वर आला की बदलायचा. हुक काढल्यावर उरलेल्या खोबणीला टोपण घाला.

रंग की ग्रीस? पट्टीला रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट. पिन, भोक आणि खटका यांना रंग लावायचा नाही, तिथे ग्रीस. जळकं ऑइल फुकट असतं म्हणून लोक फासतात, पण त्यात आम्ल आणि कचरा असतो. ग्रीसलाही धूळ चिकटून ते घासायला लागतं, म्हणून हंगामात जुनं पुसूनच नवं लावा. खत वाहिलं त्या दिवशी हुक पाण्याने धुवायला विसरू नका; युरिया-डीएपीचे कण ओल ओढून रातोरात गंज चढवतात.