मीटर म्हणतं ठीक, गाणं मात्र फाटतंय : काही महिन्यांच्या वापरानंतर

हे मिक्सिंग सॉफ्टवेअर ठेवायचं की काढून टाकायचं, हा प्रश्न परवा पुन्हा उभा राहिला. मास्टरचं, म्हणजे सगळं मिसळून निघणाऱ्या अंतिम आवाजाचं, मीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उणे ०.१ डीबीच्या (डेसिबलच्या) वर गेलं नाही; कमाल मर्यादा शून्य. तरी एमपीथ्री काढली तर सिंबलच्या (ड्रमच्या झांजेच्या) ठोक्याला आवाज चरचरतोय. सपोर्टला कळवलं. उत्तर : ‘आवाज कमी करून पाहा.’ हे ऐकायला पैसे मोजले होते का?

या सॉफ्टवेअरवाल्यांचं मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे लाटेवर ठरावीक अंतराने टिपलेले बिंदू, मोजतं. दोन सॅम्पलच्या मधली लाट त्याहून उंच जाऊ शकते, आणि एमपीथ्री होताना शिखरं आणखी वर सरकतात. ट्रू पीक मीटर ही मधली उंचीही धरतं. मोजायची पद्धत आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या शिफारशीत कधीचीच दिलेली आहे. पण ते मीटर यांनी महागड्या आवृत्तीत ठेवलंय. मी फुकटातलं टाकलं, त्याने त्याच गाण्याला अधिक ०.८ डीबी, म्हणजे शून्याच्याही वर, दाखवले. आता लिमिटरची (शिखरं ठरल्या उंचीवर अडवणाऱ्या साधनाची) मर्यादा उणे १ डीबी ट्रू पीकवर असते आणि चरचर बंद आहे.

माझा खरा राग ट्रॅकवरच्या (एकेका वाद्याच्या किंवा गायकाच्या पट्टीवरच्या) लाल दिव्यावर. आवाज शून्याच्या वर गेला की तो पेटतो. एकदा पेटला की क्लिक करेपर्यंत विझत नाही, तेही प्रत्येक ट्रॅकवर वेगळं. पहिले काही आठवडे दिवा दिसला की फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली, मग बाकीचे खाली, मग गायकच ऐकू येईना. आता मत बदललंय. आतली सगळी बेरीज ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे शून्याच्या वरचंही न कापता धरणाऱ्या आकड्यांत, होते, त्यामुळे ट्रॅक शून्याच्या ६ डीबी वर गेला तरी काही बिघडत नाही. मास्टरच्या आधी खाली आणला की झालं. फाटतं ते साउंडकार्डकडे जाताना किंवा १६-२४ बिटची फाइल काढताना.

पण टेपची नक्कल करणारे प्लगिन (ट्रॅकला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) फेडरच्या आधी बसतात. त्यांना जोरात सिग्नल दिला की ते आतच फाटतात. तिथे फेडर ओढून उपयोग नाही, आधीचा गेन (आत शिरणाऱ्या सिग्नलचा जोर) उतरवावा लागतो. आणि दिवा मोजतो फेडरनंतरचं! म्हणजे नको तिथे बोंबलतो, हवा तिथे गप्प.

क्लिपवरचा, म्हणजे ट्रॅकवर ठेवलेल्या एकेका तुकड्याचा, गेन मात्र झकास. तोच आवाज कॉपी करून दोनदा लावला की सरळ ६ डीबी वाढतात, तिथे तो रोज कामी येतो.

अपग्रेड घेणार नाही. नव्या आवृत्तीत दिव्यांचे रंग निवडता येतात म्हणे. सगळे एकदम विझवायचं बटण अजून नाही.