इंदूरची आयबस: लेन असताना आणि लेन गेल्यावर

इंदूरच्या एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) रस्त्याच्या मधोमध राखीव लेनमधून धावणाऱ्या आयबस या शहर बससेवेला पाच तारे द्यायचे की दोन, हे तुम्ही बसमध्ये बसला होतात की शेजारच्या गर्दीत स्कूटर रेटत होतात, यावर ठरायचं. राजीव गांधी चौराहा ते निरंजनपूर ही साधारण साडेअकरा किलोमीटरची, दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी लावलेली मधली लेन मे २०१३ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी ती काढण्याची घोषणा केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा हिरवा कंदील मिळाला आणि लागलीच जाळ्या कापायला घेतल्या. भोपाळची लेन त्याआधीच, जानेवारी २०२४ पासून निघू लागली होती. तेव्हा हे परीक्षण दोन्ही अवस्थांचं.

आधी जमेची बाजू. लोक जाळीबद्दलच बोलतात, पण आयबसमध्ये पैसा वसूल होता तो फलाटात आणि तिकिटात. फलाट बसच्या तळाइतका उंच (अशा स्टेशनांना साधारण ९०० मिलिमीटर उंची ठेवतात), म्हणजे पायरीच नाही. आजी, कडेवरचं मूल, भाजीची पिशवी, सगळं एका पावलात आत. तिकीट स्टेशनवरच काढलेलं, त्यामुळे दारात कंडक्टरशी सुट्ट्या पैशांचा वाद नाही. एका अरुंद दाराने, पायऱ्या चढत, तिकीट काढत माणूस आत यायला तीनेक सेकंद लागतात. वीस माणसं म्हणजे एक मिनिट. रुंद दार, सपाट फलाट आणि हातात तिकीट असलं की तीच वीस माणसं पंधरा-वीस सेकंदांत आत-बाहेर होतात. एकवीस स्टेशनांच्या मार्गावर, पंधराएक स्टेशनांवर अशी गर्दी धरली तर, दहा मिनिटं इथेच वाचतात. जाळीचा यात काहीही हात नाही.

या व्यवस्थेची नाजूक जागा म्हणजे फलाट आणि बस यांमधली फट. ती दहा सेंटीमीटरच्या आत राहिली तर ठीक. ड्रायव्हरने पुढचं चाक फलाटाच्या कडेला घासत आणलं तर टायरची बाजू फाटते, आणि टायर जपायला तो बस लांब उभी करू लागला की फट एका पावलाएवढी होते. मग पायरी नसल्याचा फायदा संपला, उलट पाय अडकायची भीती. यावर उपाय स्वस्त आहे: फलाटाच्या कडेला रबराची पट्टी आणि चाक कुठे आणायचं ते दाखवणारी रस्त्यावरची पिवळी रेघ. दोन्ही काही काळाने झिजतात आणि बदलाव्या लागतात. उद्घाटनाच्या वेळी नवीकोरी दिसणारी व्यवस्था मोडते ती अशाच किरकोळ सामानावरून.

आता तक्रारीची बाजू, आणि ती खोटी नव्हती. "लेन रिकामीच असते" हे वाक्य इंदूरच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू यायचं. त्याचा हिशेब करून बघू. दर पाच मिनिटांनी बस असेल आणि ती ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर दोन बसमध्ये दीड-पावणेदोन किलोमीटर अंतर पडतं. गीता भवनला सिग्नलवर अडकलेल्याला ते डांबर रिकामंच दिसणार. तासाला १२ बस, प्रत्येकीत ६० माणसं, म्हणजे एका दिशेला ७२० माणसं. शेजारच्या लेनला ४० टक्के वेळ हिरवा सिग्नल धरला तर तासाला सातशेएक कार निघतात. कारमध्ये सरासरी दीड माणूस, म्हणजे हजाराच्या वर. थोडक्यात, पाच मिनिटांच्या अंतराने बस सोडली तर कारवाल्याचं म्हणणं आकड्यांतही खरं ठरतं. बस दर दोन मिनिटांनी आली की तीच लेन १८०० माणसं नेते आणि पारडं फिरतं. दुचाकींची रांग त्याच रुंदीत कारपेक्षा बरीच जास्त माणसं ओढते, म्हणून इंदूरसारख्या दुचाकींच्या गावात तासाला तीस बसच्या खाली बसची लेन मागूच नये. आधी बस वाढवायच्या, मग रंगाचा डबा उघडायचा.

खरं दुखणं चौकात. बस मधोमध असली की सरळ जाणारी बस आणि उजवीकडे वळणारी गाडी एकमेकांना आडव्या येतात. मग उजव्या वळणाला वेगळी पाळी द्यावी लागते, चार दिशांच्या चार पाळ्या होतात आणि सिग्नलचा फेरा १६० सेकंदांवर जातो. त्यात बसला १२० सेकंद लाल असेल तर सरासरी थांबणं ४५ सेकंदांचं. उजवं वळण बंद करून, पुढे जाऊन वळून यायला लावलं आणि ९० सेकंदांचा फेरा ठेवला, ५० सेकंद लाल, तर तेच १४ सेकंद. एका चौकात अर्धा मिनिट, दहा चौकांत पाच मिनिटं. त्यात बसमधले, कारमधले आणि रस्ता ओलांडणारे सगळेच सुटतात. दिल्लीच्या आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या लेनवर (२००८ मध्ये सुरू, २०१६ मध्ये उखडली) हेच झालं होतं: सिग्नल लांबले, गाड्या तुंबल्या आणि सगळा राग बसवर निघाला.

स्टेशन मधोमध म्हणजे प्रत्येक प्रवाशाला जाता-येता अर्धा रस्ता ओलांडायचा. नुसते पांढरे पट्टे याला पुरत नाहीत. रस्त्याच्या पातळीपासून दहाएक सेंटीमीटर उचललेला, दोन्ही बाजूंना उतार दिलेला पट्टा हवा, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो.

जाळी निघाल्यावरची बस कशी? जिथे ती डावीकडून चालते तिथे तिची गाठ पोह्यांच्या ठेल्याशी. सकाळी ठेल्याभोवती दुचाकींची एक रांग, तिच्या बाहेर दुसरी, मग सवारीची वाट बघणारी ई-रिक्षा, आणि तिला वळसा घालून उभी राहिलेली बस, मागचा भाग दुसऱ्या लेनमध्ये. प्रवासी रस्त्यावर उतरून बसपाशी येतात. उशीर तर होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे तो रोज वेगळा असतो. एक बस अडकली की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, ती भरायला आणखी वेळ, तोवर मागची रिकामी बस येऊन चिकटते. वीस मिनिटं काही नाही आणि मग दोन बस एकदम, हे त्यामुळेच. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांना किंवा एमवाय या सरकारी रुग्णालयात ओपीडी गाठणाऱ्याला वेग थोडा कमी चालतो, पण वेळेचा भरवसा गेला की तो ई-रिक्षा बघतो.

पुन्हा करायचंच तर साडेअकरा किलोमीटर एकदम नको. विजयनगर ते एलआयजी या दोन चौकांमधला एवढाच तुकडा, डाव्या कडेची ३.५ मीटरची लेन, सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ९. जाळी नको, कारण बंद पडलेली बस जाळीत अडकली की मागच्या सगळ्या अडकतात, आणि अॅम्ब्युलन्सही. जाड पांढरी रेघ आणि रबरी उंचवटे पुरेत. चौकाआधी ६०-७० मीटरवर रेघ तुटक करायची, नाहीतर डावीकडे वळणारा बससमोर तिरका घुसतो. ठेले आणि ई-रिक्षा यांना हाकलायचं नाही, पुढच्या गल्लीच्या तोंडाशी आखलेली जागा द्यायची. तशी दिली नाही तर आठवड्यात ते परत तिथेच. आणि दंड कॅमेऱ्याने, बसच्या पुढच्या काचेत बसवलेल्या. चौकातला शिपाई गेला की लेन गेली, हे बाकी शहरांनीही पाहिलंय.

तारे: फलाट आणि तिकिटाला साडेचार, चौकांना दीड, बसच्या संख्येला दोन. लेन काढून डावीकडे चालवलेल्या बसला, ठेल्यापाशी उभं राहून बघितलं तर, एक.