मोठ्या शस्त्रक्रियेनंतर स्मार्ट वजनकाटा: आठ महिन्यांचा अनुभव

मोठ्या आतड्याचा काही भाग काढण्यासाठी माझी पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मी चरबी, स्नायू आणि पाणी यांचे प्रमाण दाखवणारा, मोबाइलमधील ॲपला जोडला जाणारा वजनकाटा घेतला आणि आता त्याला आठ महिने झाले आहेत. असे बहुतेक काटे एकाच तत्त्वावर चालत असल्यामुळे तो कोणत्या कंपनीचा, हा मुद्दा येथे गौण आहे. वजन मोजण्याच्या कामात तो चोख आहे. लागोपाठ तीनदा उभे राहिले तरी शंभर ग्रॅमच्या वर फरक पडत नाही. मात्र तो दाखवत असलेल्या इतर आकड्यांवर विसंबून पहिले दोन महिने मी स्वतःचे बरेच नुकसान करून घेतले, आणि हा अनुभव मुख्यतः त्या नुकसानीविषयी आहे.

माझी उंची १६३ सेंटिमीटर असून शस्त्रक्रियेपूर्वी वजन ८८ किलो होते. ते कमी करण्याचा सल्ला मला कित्येक वर्षे मिळत होता आणि मी तो कित्येक वर्षे पुढे ढकलत होते. त्यामुळे आता भूक मेलीच आहे तर या निमित्ताने वजनही उतरेल, असा हिशेब मी मनातल्या मनात मांडला होता. पहिल्या दिवशी काट्याने ९०.६ किलो दाखवले. जवळजवळ काहीही न खाता वजन अडीच किलोंनी वाढलेले पाहून मी हबकले; पण त्याचे कारण साधे होते. शिरेतून दिलेले एक लिटर सलाइन म्हणजे एक किलो वजन आणि त्यासोबत नऊ ग्रॅम मीठ. शस्त्रक्रियेच्या ताणाखाली असलेले शरीर ते मीठ आणि पाणी सहजासहजी सोडत नाही. घोट्यांवर बोट दाबले की खळगा पडत होता. गंमत अशी की त्याच दिवशी ॲपने माझ्या स्नायूंच्या आकड्यापुढे हिरव्या रंगात ‘उत्तम’ असा शेरा दिला होता आणि मला मात्र आधाराशिवाय पलंगावरून उठता येत नव्हते.

त्यानंतर वजन जे उतरू लागले ते थांबेचना. दर किलोमागे ॲपच्या पडद्यावर अभिनंदनाची आतषबाजी होई, भेटायला येणारे लोक ‘छान बारीक झालात’ म्हणत, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सुखावत होते. सातव्या आठवड्याच्या अखेरीस काटा ७८.९ वर आला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, हे मला तेव्हाही ठाऊक होते. परंतु साध्या गुणाकाराचे कष्ट मी घेतले नाहीत. सदतीस दिवसांत उतरलेले ११.७ किलो जर सगळे चरबीचेच असते, तर रोज सुमारे २,४०० कॅलरींची तूट पडायला हवी होती, आणि दिवसभर पडून असलेल्या माझ्यासारखीचा एकूण खर्चही तेवढा नसतो. म्हणजेच गेले त्यातले काही पाणी होते, काही चरबी होती, आणि उरलेले मला मुळीच गमवायचे नव्हते ते, म्हणजे स्नायू.

मोठ्या जखमेनंतर कॉर्टिसोलसारखी संप्रेरके आणि दाह निर्माण करणारे घटक वाढतात, आणि जखम भरण्यासाठी व प्रतिकारशक्तीसाठी लागणारी अमिनो आम्ले मिळवायला शरीर स्वतःचेच स्नायू मोडते. हे ज्ञान नवे नाही. हाडे मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतून नायट्रोजन, म्हणजे शरीरातील प्रथिने मोडल्याची खूण, मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हे स्कॉटलंडमधील संशोधक डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारासच दाखवले होते. त्यात पडून राहण्याची भर पडते. वयस्क पण निरोगी माणसे केवळ दहा दिवस अंथरुणात राहिली, तरी त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो चरबीविरहित वस्तुमान कमी झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. मी तर निरोगीही नव्हते.

शेवटी आहारतज्ज्ञांकडे गेले ते केस गळतात म्हणून. मोठ्या आजारानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळणे सर्रास आढळते आणि ते बहुधा आपोआप थांबते. त्यांनी केसांचा विषय दोन वाक्यांत संपवला आणि वजनाच्या नोंदी मागितल्या. मी अभिमानाने मोबाइल पुढे केला. आलेख पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही वजन कमी केलेलं नाही, ते तुमच्याकडून गेलं आहे.” ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ‘मस्ट’ या कुपोषणाच्या चाळणीत तीन ते सहा महिन्यांत नकळत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर व्यक्ती कितीही स्थूल असली तरी ती जास्त जोखमीच्या गटात जाते. माझी घट १०.३ टक्के होती आणि तीही दोन महिन्यांच्या आत. लठ्ठ माणूस कुपोषित असू शकतो, ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती, आणि काट्याने तर नाहीच नाही.

काट्याला ते सांगता येणे अवघडच आहे. तो एका पायातून दुसऱ्या पायात अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला होणारा अडथळा मोजतो. पाणी असलेल्या ऊतींतून प्रवाह सहज जातो, चरबीतून कमी. या फरकावरून, तसेच उंची, वय आणि लिंग यांच्या आधारे, एका ठरीव सूत्राने चरबी व स्नायूंचा अंदाज काढला जातो. अंगावर सूज असेल तर ते जादा पाणी स्नायूंच्या खात्यात जमा होते. शिवाय प्रवाह मुख्यतः पायांतून जातो, त्यामुळे जिथे खरी शस्त्रक्रिया झाली त्या धडाविषयी काटा बहुतांशी अंदाजच बांधतो. सूज ओसरल्यावर, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी मोजून आठवड्याची सरासरी काढली, तर या आकड्यांची दिशा कामाची ठरते. एका दिवसाचा आकडा नाही.

आहारतज्ज्ञांनी दिलेली योजना माझ्या कल्पनेच्या अगदी उलट होती: वजन उतरवणे तीन महिने पूर्ण बंद. शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी युरोपातील पोषणविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रथिनांचे प्रमाण आदर्श वजनाच्या दर किलोमागे रोज १.५ ग्रॅम असे सांगितले आहे. माझ्यासाठी ते सुमारे ९० ग्रॅम ठरले, आणि मी तोवर जेमतेम ३५ ग्रॅम खात होते. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा आकडा परस्पर उचलू नये.) चार घासांत पोट भरल्यासारखे वाटत असल्याने तीन जेवणांऐवजी सहा लहान खाणी ठरली, प्रत्येक वेळी प्रथिनांचा पदार्थ आधी खायचा, आणि पाणी किंवा पातळ पदार्थ जेवणाबरोबर न घेता मागाहून. सर्वांत कठीण होते ते भूक नसताना घड्याळाकडे पाहून खाणे. ‘आज नको’ या दोन शब्दांनी माझे जितके नुकसान केले, तितके कशानेच केले नाही.

काट्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्टांनी एक खुर्ची दिली, म्हणजे घरातलीच, पण तिचा उपयोग शिकवला. हात छातीवर बांधून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते आठवड्यातून एकदा मोजायचे. १५ सेकंदांहून जास्त लागले तर ते अशक्तपणाचे लक्षण मानतात. नवव्या आठवड्यात मला २१ सेकंद लागले, आज ११ लागतात. हाताच्या पकडीची ताकद १४ किलोंवरून २२ वर गेली. स्त्रियांत १६च्या खालची पकड क्षीण समजली जाते. जड वजन उचलण्याची मला सुरुवातीला बंदी होती, आणि ती अगदी रास्त होती. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या पाचव्या हिश्शाइतकीच ताकद आलेली असते, आणि पुढे कित्येक महिन्यांनीही ती ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते. म्हणून चालणे, खुर्चीवरून उठणे आणि पुढे सर्जनच्या परवानगीनंतर रबरी पट्ट्यांचे व्यायाम, असा क्रम होता.

भूक परतली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. चौथ्या महिन्यात वजन भराभर ८१.५ वर गेले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ तरुणांवर उपासमारीचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात पुन्हा पोटभर खाऊ लागल्यावर चरबी आधी आणि पूर्वीपेक्षाही जास्त भरून आली होती. या टप्प्यावर मात्र काटा खरोखर उपयोगी पडला. सूज गेलेली होती, मोजण्याची वेळ ठरलेली होती, आणि वाढत्या वजनात चरबीचा वाटा चढतो आहे हे तीन आठवड्यांच्या आलेखात स्वच्छ दिसले. स्थूलपणामुळे टाक्यांच्या जागी हर्निया होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे सर्जनलाही वजन उतरायला हवेच होते, फक्त सावकाश. प्रथिने तशीच ठेवून बाकीचे थोडे कमी केले. पाचव्या महिन्यापासून महिन्याला साधारण एक किलो या गतीने मी आज ७७.४ वर आहे. म्हणजे सातव्या आठवड्यापेक्षा फक्त दीड किलो कमी. पण तेव्हाची मी जिना चढताना मध्ये बसत होते.

तक्रारी सांगायच्या तर ॲपबद्दलच्या आहेत. ‘शस्त्रक्रियेतून बरे होत आहे’ असा पर्यायच त्यात नाही. वजन स्थिर ठेवणे हेही ध्येय असू शकते, हे त्याला मान्य नाही. आणि आठवड्यात अडीच किलो उतरले तरी सावध करण्याऐवजी ते टाळ्या वाजवते. पेसमेकर असणाऱ्यांनी हा काटा वापरू नये, ही अत्यंत महत्त्वाची सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. मी पहिल्या तीन महिन्यांसाठी पुन्हा निवड केली, तर साधा वजनकाटा, मोजपट्टी आणि खुर्ची एवढेच घेईन. हा काटा चौथ्या महिन्यात घेईन आणि ॲपच्या सूचना त्याच दिवशी बंद करीन.