पाच व्होल्टच्या नादात ८,१४० रुपये आणि एक अस्सल बोर्ड

पैसे गेले ते एक वेळ सोडा, गेम ज्यावर चालतो तो सर्किट बोर्ड गेला ते पचत नाही. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खाऊचे पैसे उडवलेत त्यांना 'मुस्तफा' म्हणजे काय ते सांगायला नको. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. साताऱ्यातलं एक बंद पार्लर मोडीत निघालं तेव्हा अख्खं मशीन मी १८,००० ला उचललं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डुप्लिकेट बोर्ड चालायचे, यातला अस्सल निघाला. आणि हे, पुढे ज्याने मला फसवलं त्या दुरुस्तीवाल्याला पहिल्याच फोनवर मी कौतुकाने सांगून बसलो.

बिघाड साधा होता. मशीन सुरू व्हायचं, गेम जरा रंगात आला की रिसेट. बोर्डच्या कनेक्टरवर मोजलं तर ५ व्होल्टच्या जागी ४.६. म्हणजे एसएमपीएस (बोर्डला वीज पुरवणारा डबा) दमलेला. टीव्ही दुरुस्तीवाले असलं मशीन बघूनच हात जोडतात. हा मात्र 'आर्केड स्पेशालिस्ट', परगावचा. बोलायला लागला की रिपल काय, ईएसआर काय! इतकं शिकलेलं बोलणारा माणूस भामटा निघेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

एसएमपीएस त्याच्याकडे पाठवला. आधी १,५०० ॲडव्हान्स. मग 'प्रायमरीचा ट्रान्झिस्टर उडालाय, ओरिजिनल टाकतो' म्हणून २,८००. पुढचा टप्पा तुम्ही ओळखलाच असेल: 'मायनस ५ व्होल्टची लाइन गेली होती, बोर्डलाही झटका बसला असणार. लोडवर बघावा लागेल, पाठवून द्या.' टेस्टिंगचे ३,२००, कुरिअरचे ६४०. हा बोर्ड मायनस ५ वापरतच नाही, ५ आणि १२ वर चालतो. पण हे कळेपर्यंत बोर्ड त्याच्याकडे पोचला होता.

जीव जळतो तो त्या फोटोपायी. बोर्ड पाठवायच्या आधी त्याने 'सप्लाय ओके' म्हणून फोटो टाकला होता. मल्टिमीटरवर ५.०३, आणि शेजारी टर्मिनल पट्टीवर एल आणि एनचे दोन्ही स्क्रू रिकामे. मेनची वायरच नाही! २३० व्होल्ट आत जात नाहीत आणि बाहेर ५.०३ येतायत. मी गर्दीच्या लोकलमध्ये, फोनला तडा गेलेला, आकडा दिसला आणि अंगठा पाठवून मोकळा झालो. फोटो आला की आकडा नंतर बघा, आधी वायरी बघा.

परत आलेला बोर्ड 'डेड' होता, आणि माझा नव्हताच. माझ्या बोर्डवर बॅटरी होती, याच्यावर तिची जागाही नाही. बोर्ड हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे, नंबर वाचता येतील असे फोटो काढा. एसएमपीएस उघडला तर फुगलेले दोन कॅपॅसिटर जसेच्या तसे. ४० रुपयांचा माल! मीच बदलले, ५.०५ आले. (प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो. माहीत नसेल तर झाकण उघडू नका.)

आता सरकारदरबार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं तर 'तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत ना?' बँकेचंही तेच पालुपद. चौकीत 'तो जिथे राहतो तिथे जा'. अहो, गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार घ्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय! ते दाखवलं तर साहेब विचारतात, 'गेमचं मशीन? म्हणजे जुगाराचं का?' लुटला गेलो मी, आणि घरात मशीन कशाला ठेवलं याचा जबाब मीच देतोय. शेवटी 'दिवाणी वाद आहे' म्हणून बोळवण. खोटं बोलून वस्तू लाटली, अस्सल बोर्डच्या जागी नकली पाठवला, तर हा दिवाणी वाद? मग न्याय संहितेतलं फसवणुकीचं ३१८ कलम कोणासाठी आहे? लेखी अर्ज दिला, तर पोच द्यायलाही खळखळ. शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

ग्राहक आयोगात जातोय. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. चॅट डिलीट करू नका. हिशेब यूपीआयवरच ठेवा, रोख दिली असती तर माझ्याकडे हेही पुरावे नसते.

तो डीपी बदलतो, नंबरही बदलला असेल. फोटो मात्र तोच फिरवत असणार. ५.०३ आणि रिकामे स्क्रू असलेला फोटो कोणाला आला असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट मला पाठवा. तक्रारीला जोडायचाय.