पोस्टफिक्ससाठी व्हायरस-तपासणी: क्लॅमएव्ही-मिल्टर, अमाव्हिस की आरस्पॅमडी?

पोस्टफिक्स या मेलची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मेल सर्व्हरला व्हायरस-तपासणी जोडू पाहणाऱ्यासमोर सहसा हे तीन पर्याय येतात. तिन्हींच्या मागे प्रत्यक्ष तपासणी बहुधा क्लॅमडी हीच (क्लॅमएव्ही या व्हायरस-शोधकाची पार्श्वभूमीत चालणारी) सेवा करत असल्यामुळे, व्हायरस कोण अधिक पकडतो या प्रश्नाला येथे फारसा अर्थ उरत नाही. मेमरीचा मुख्य भारही तिचाच असतो: सिग्नेचरांसाठी, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांसाठी, ती एक जीबीहून अधिक रॅम घेते आणि या खुणा अद्ययावत ठेवणाऱ्या फ्रेशक्लॅमने नवा संच आणल्यावर जुना व नवा संच काही काळ एकत्र राहत असल्याने ही गरज जवळपास दुप्पट होते. त्यामुळे 2 जीबी रॅमच्या स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) यांपैकी कोणताही पर्याय निवडला तरी ओढाताण ठरलेलीच आहे.

खरा फरक तपासणीच्या वेळेचा आहे. मिल्टर म्हणजे मेल येत असतानाच ती पाहणारा जोड-प्रोग्राम; क्लॅमएव्ही-मिल्टर मेल स्वीकारण्यापूर्वीच तपासतो, त्यामुळे दूषित मेल तिथल्या तिथे नाकारता येते आणि प्रेषकाला कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. अमाव्हिसच्या प्रचलित मांडणीत मेल आधी रांगेत घेतली जाते, 10024 पोर्टवरून तपासणीला जाते आणि 10025 वरून परत येते. तोवर पाठवणाऱ्या सर्व्हरला पोच दिलेली असल्यामुळे ‘मेल नाकारली’ असा निरोप पाठवला, तर तो बहुतेक वेळा बनावट पत्ता असलेल्या निरपराध माणसाच्या माथी पडतो. मेल टाकून देणे किंवा अडवून ठेवणे, एवढेच मग हाती राहते. मात्र चुकून अडकलेले बिल सोडवून देण्याची सोय आणि व्यक्तिनिहाय नियम यांत अमाव्हिस सरस आहे. तो सुरळीत चालू असेल तर केवळ जुना म्हणून काढू नये.

आरस्पॅमडीही मिल्टर म्हणूनच जोडला जातो आणि स्पॅम-नियंत्रण व डीकेआयएम स्वाक्षरीही (मेल त्याच डोमेनकडून आल्याची डिजिटल खूण) सांभाळतो, म्हणून नव्या सर्व्हरसाठी माझा कौल त्यालाच आहे. फक्त व्हायरस-तपासणी हवी असेल, तर क्लॅमएव्ही-मिल्टर पुरे.

एक फरक मात्र सहज नजरेआड होतो. क्लॅमडी बंद पडल्यास क्लॅमएव्ही-मिल्टर मूळ सेटिंगनुसार मेल तात्पुरती परतवतो. आरस्पॅमडी केवळ अपयशाची खूण नोंदवतो आणि, वेगळा नियम लिहिलेला नसेल तर, मेल न तपासता पुढे जाऊ देतो. म्हणून 68 अक्षरांची आयकार चाचणी-फाइल (व्हायरस-तपासणी चालते का हे पाहण्यासाठीची निरुपद्रवी फाइल) बाहेरच्या खात्यावरून पाठवून पाहिल्यानंतर, क्लॅमडी मुद्दाम थांबवून तीच फाइल पुन्हा पाठवावी आणि लॉगमध्ये काय उमटते ते पाहावे.